बांगडीचं माप

हसायचं असेल तर आधी कप खाली ठेवा. मागे हे ऐकताना एकानं धोतरावर चहा सांडून घेतला होता.

सत्तर साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. राहात्याच्या पेठेत माझं कातकामाचं दुकान होतं. लेथवर लाटणी, पलंगाचे पाय असलं काढायचो. समोर किसनरावांचं पेंडीचं दुकान. त्यांची लेक कुसुम चुलीसाठी माझ्याकडचा भुसा न्यायला यायची. तिच्यासाठी मी कोरड्या, पातळ ढलप्या वेगळ्या काढून ठेवायचो. पुढे बोलायची छाती? नाव नको.

तर शेवगावच्या एका गिऱ्हाइकानं पलंगाच्या खांबांवर बसवायला लाकडी गोळे सांगितले. लाटणं कुणीही काढेल हो, गोळा काढणं वेगळं. एकदा कातायचा, मग पाव फेरा वळवून, दोन लाकडी वाट्यांत धरून पुन्हा कातायचा. वर कडं ठेवून फिरवायचं. खालून कुठेच उजेड दिसला नाही, की गोळा खरा. माझं कडं नेमकं बैलगाडीखाली चेपलेलं. गोळे बटाट्यासारखे निघत होते.

तेवढ्यात कुसुम आत्याबरोबर भुशाला आली. हातात काचेच्या बांगड्या. बांगडीहून गोल काय असतं सांगा! मी आत्यांसमोरच म्हणालो, "एक बांगडी देता का? माप घ्यायचंय."

कुसुम लाजली. आत्यांनी मला खालीवर न्याहाळलं. "दे गं. मापाला मागत्यात."

आमच्याकडे मुलीची बांगडी मापाला कोण नेतं? ज्याला तिच्यासाठी पाटल्या घडवायच्या असतात तो. पण माझ्या डोक्यात तेव्हा बटाटे.

दुसऱ्या दिवशी भुशाला आत्या एकट्याच आल्या. शेजारच्या शिंप्यानं मला पान खाऊ घातलं, तेही स्वतःहून. तरी मला शंका नाही.

संध्याकाळी किसनराव नवी टोपी घालून आले आणि ओंडक्यावर बसले.

"तुमी सोताहून माप घेतलं, लई बरं वाटलं. बोलनीला कवा येता?"

अहो, ज्यासाठी दोन वर्षं नवस बोलत होतो, ते ओंडक्यावर येऊन बसलं होतं. नुसतं 'उद्या येतो' म्हणायचं! पण मनातलं लपवायची इतकी सवय झालेली, की चोरी पकडल्यासारखा घाबरलो. हातातला गोळा पुढे केला.

"देवाशप्पथ, माप ह्याच्यासाठी हुतं. माझ्या मनात तसलं कायबी न्हाई."

किसनरावांनी गोळा फिरवून बघितला. "चांगला झालाय," म्हणाले आणि उठून गेले.

कुसुमचं पुणतांब्याला ठरलं. लग्नाआधी ती एकदा भुशाला आली, तेव्हा मी बांगडी परत देऊ केली.

"बसली का गोळ्याला?" तिनं विचारलं.

"बसली. जरासुदिक फट न्हाई."

"मंग त्यालाच ऱ्हाऊ द्या."

भुशाचं पोतं तिनं स्वतःच उचललं.

ती बांगडी अजून लेथजवळच्या खुंटीला आहे. भुसा भरताना अजून मान समोरच्या दुकानाकडे वळते. फार आठवण येते हो तिची. लोक म्हणतात, पंचक्रोशीत माझ्यासारखा गोळा कुणाचा नाही. खरंच आहे. प्रत्येक गोळा त्याच बांगडीनं तपासून देतो. एकच तेवढा तपासायचा राहिला, तो मानेवर घेऊन फिरतोय.