भोक एकदम गोल

तीस वर्षांच्या टूलरूमच्या नोकरीत माझा एकही नग रिजेक्ट झालेला नाही. जे चारशे झाले ते एकाच रविवारी, आणि तेही पोटच्या पोरीकडून!

आम्ही बजाजनगरात राहतो. आमची सानिका एअर रायफल चालवते. दहा मीटरवर पुठ्ठ्याचं टार्गेट, त्यात मधोमध ठिपका, आणि मसुराएवढ्या शिशाच्या छर्ऱ्यानं तो ठिपका उडवायचा. पहिलं मेडल आलं तेव्हा मी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले (पेढे वाटताना पोरीपेक्षा स्वतःचंच कौतुक जास्त केलं, असं माझी बायको मंगल म्हणते). पण राज्य स्पर्धेच्या निवड चाचणीत ती दोनदा थोडक्यात हुकली होती. वयोगटाप्रमाणे यंदाची संधी शेवटची. पोरगी जेवताना पोळीकडे बघत बसायची. मला ते बघवत नव्हतं.

एका संध्याकाळी ती मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. "अगं, सरांना भोक एकदम गोल पायजे. साफ. कडा फाटलेल्या नकोत. माझं तसं येतच नाय!"

माझे कान टवकारले. भोक! गोल! कडा साफ! अहो, तीस वर्षं मी दुसरं केलं काय?

ती सगळे छर्रे एकाच जागी लागून टार्गेटला पडणाऱ्या भोकाबद्दल बोलत होती, हे कुणालाही कळलं असतं. मला वाटलं, छर्ऱ्याचं. मोबाईलवर शोधलं, तर खरंच पुढून पोकळ केलेले छर्रे असतात! 'हॉलो पॉइंट' म्हणतात. व्हिडिओतला गोरा काय बोलत होता ते कळलं नाही, पण त्याच्या हातात ड्रिल होतं, आणि हातात ड्रिल असलेल्या माणसावर माझा पटकन विश्वास बसतो. तो पुठ्ठ्यावर नाही, टरबुजावर नेम धरत होता, ही बारीकशी गोष्ट मी सोडून दिली.

चाचणीच्या आदल्या दिवशी तिच्या कोचनी, रफिक सरांनी, सानिकाला सराव बंद करून आराम करायला सांगितलं होतं. ती चिकलठाण्याला मावशीकडे गेली. मी छर्ऱ्यांची डबी काढली.

"अवं, ती डबी कशाला घेतली? पोरीची हाय ती!" मंगल.

"सरप्राइज आहे."

"तुमचं सरप्राइज म्हणलं की मी आधी पदर खोचते. मिक्सरचं सरप्राइज अजून छताला चिकटलेलं हाय!"

(मिक्सरचा वेग मी जरासा वाढवला होता. जवसाची चटणी होती.)

"हे वेगळं आहे गं. पोरीसाठी करतोय."

तिनं हात पुढं केला. मग म्हणाली, "बरं, आणा इकडं. आधी देवापुढं ठेवते." दसऱ्याला आम्ही अवजारांची पूजा करतोच, तसंच हे. मला अगदी भरून आलं. एवढ्या वर्षांत बायकोनं माझ्या एखाद्या कामाला प्रथमच आशीर्वाद दिला होता! पाच मिनिटांनी तिनं डबी परत दिली.

सकाळच्या चहानंतर बाल्कनीत बसलो तो दिवेलागणीलाच उठलो. एकेक छर्रा पकडीत धरायचा, मधोमध भोक, कडा साफ, भिंगातून तपासणी. डबी पाचशेची, पण भरले चारशेच. म्हटलं, सरावात संपले असतील. बंदूक रेंजवर कुलपात असल्यामुळे चाचणी घेता आली नाही, डबी तशीच पोरीच्या बॅगेत परत ठेवली. (कंपनीत असं कुणी केलं असतं तर मीच त्याला मेमो दिला असता!)

रविवारी सकाळी रेंजवर पालक मागच्या खुर्च्यांवर बसले. आधी नेम जुळवायला थोडा वेळ देतात. सानिकानं पहिला छर्रा भरला, नेम धरला, ठप्प! टार्गेट जवळ आलं तर भोक पार कडेला, आणि उंदरानं कुरतडल्यासारखं. दुसरा छर्रा शेजारच्या मुलीच्या टार्गेटला लागला!

रफिक सर धावत आले. "बेटा, अंदर हवा नहीं, कुछ नहीं. गोली कायकू भटक री?" त्यांनी डबीतला एक छर्रा उजेडात धरला. "या अल्ला! इसमें तो छेद है! सब में छेद है!"

सानिका वळली ती थेट माझ्याकडे. पुराव्याची तिला गरज वाटली नाही.

"पप्पा!" डोळ्यांत पाणी. "ही डबी महिनाभर तपासून निवडली होती. दुसरे छर्रे माझ्या बंदुकीला जुळतच नाय!"

"पण सर," मी म्हणालो, "तुम्हालाच भोक गोल पाहिजे होतं ना?"

सरांनी छर्रा डोळ्याजवळ नेला. "भाईजान, छेद एकदम गोल है. मानना पडेंगा. लेकिन कागज में होना था!"

वेळ संपत आली होती. पोरीची शेवटची संधी मी माझ्या हातानं, भिंग लावून, घालवली होती.

तेवढ्यात मंगलनं पर्समधून हिंगाची स्टीलची डबी काढली. उघडली तर आत कापूस, आणि कापसात ओळीनं निजलेले छर्रे! बिनभोकाचे!

"देवापुढं ठेवली तवाच मूठभर काढून घेतले," ती म्हणाली.

"देवाला काय सांगितलंस?"

"मी काय सांगू? देवालाच तुमचा भरवसा नाय."

पुढचा तासभर सानिका हिंगाच्या वासाचे छर्रे मारत होती. शेजारची मुलगी दोनदा शिंकली. मी टार्गेटकडे बघितलंच नाही, मंगलचा हात धरून बसलो. यादी लागली तेव्हा सानिकाचं नाव सगळ्यात खाली होतं. पण होतं! मी मंगलला तिथंच, सगळ्यांसमोर, हात जोडले. थट्टा नव्हती ती. मला घडवणारे पुष्कळ भेटले. मी बिघडवलेलं सांभाळणारी ही एकटीच, आणि तिचे उपकार मी आजवर तोंडानं कधी बोललो नव्हतो.

"उठा आता," ती म्हणाली. "हिंगाची नवी डबी घ्यायचीय. हिला शिसं लागलं."

माझे चारशे नग आता रेंजवर काचेच्या बरणीत आहेत. नवे पालक आले की रफिक सर आधी ती बरणी दाखवतात आणि छर्ऱ्यांना हात लावायचा नाही, म्हणून बजावतात. परवा सानिकाला सोडायला गेलो, तर शेंद्र्याचे एक गृहस्थ बरणीतला छर्रा उजेडात धरून बघत होते.

"काम लई सफाईचं हाय हो," ते म्हणाले. "कुणी केलं?"

सर हसले. सानिकानं कपाळावर हात मारला. आणि मी छाती पुढं काढून म्हणालो, "मीच!"