कोण नाही ते बघा

हे कुणी वाचेल असं वाटत नाही. वाचलंच तर माझ्या अक्षराला हसू नका. शाळा चौथीत सुटली, त्यानंतर लिहायची वेळ फारशी आली नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, तेही सांभाळून घ्या. चार माणसांत मला तोंड उघडता येत नाही, म्हणून लिहिते.

हायवेवरून जाताना तुम्हीही फ्लेक्स बघत असाल. कुणा भाऊचा वाढदिवस असतो. मधे भाऊचा मोठा फोटो, गॉगल, गळ्यात साखळी, आणि खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांच्या रांगा. आपण भाऊकडे बघतो आणि पुढे जातो. आमचे हवालदार मात्र मोटारसायकल थांबवायचे, टोपी काखेत धरायचे आणि खालच्या चेहऱ्यांवरून बोट फिरवत पुटपुटायचे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, देवाला नमस्कार चाललाय.

"कोण हाय ते कुणीबी बघतं," ते म्हणायचे. "कोण न्हाई ते बघा."

मी त्या चौकीत झाडलोट करायचे, पाणी भरायचे, चहा करायचे. चौकी कुठली ते लिहीत नाही. किकवीहून भोरला जाताना-येताना लागणाऱ्या कितीतरी फाट्यांसारखा एक फाटा, एवढं पुरे. तिथे प्लॉटिंग आलं, खडीचे ठेके आले आणि त्यांच्यामागे दोन गट आले. एका गटाच्या पोरांनी गावठी कट्टा हातात घेऊन नाचतानाचा व्हिडिओ काढला होता. तो सगळ्यांच्या मोबाईलवर होता. तक्रार मात्र एकाचीही नव्हती. कोण करणार? करणाऱ्याला संध्याकाळी त्याच फाट्यावर उतरायचं असतं.

हवालदारांकडे प्रत्येक फ्लेक्सचा फोटो असायचा. गेल्या वर्षीचा आणि यंदाचा फोटो शेजारी लावून ते ताडून बघत. चष्मा कायम घरी राहिलेला, म्हणून मला हाक मारत. "ताई, हा कानात बाळीवाला गेल्या साली वरच्या रांगेत होता का वो?" मी मान हलवायचे. कोण भाऊच्या जवळ सरकला, कोण खाली गेला, कोण गायबच झाला, ते सगळं मला तिथे उभ्या उभ्या समजायला लागलं. ज्याचा चेहरा गळतो त्याच्यावर राग असतो, आणि वाढदिवसाला सगळे जमतात, दारू असते, कट्टाही असतो. म्हणून भांडण होणार ते त्याच दिवशी. हा त्यांचा हिशेब.

"तुमी बोलत न्हाई ना, म्हणून तुमाला दिसतं," ते एकदा म्हणाले. एवढं चांगलं मला त्याआधी कुणी बोललं नव्हतं. मी घाईने कपबशा विसळायला गेले.

त्यांचा हिशेब चुकायचाही. एकदा एका फ्लेक्सवरची खालची अख्खी रांगच नव्हती. हवालदारांनी वर फोन केला, मोठी गाडी मागवली, पोलीस दुपारपर्यंत उन्हात उभे. शेवटी कळलं की फ्लेक्स छापणाऱ्याने बारा फुटाच्या जागी आठ फूट छापला होता, खालची रांग कापली गेली. ज्यांच्या जिवाची काळजी चालली होती ती सगळी पोरं मांडवात जिलेबी वाढत होती.

तेव्हापासून चौकीचे साहेब त्यांना बघितलं की विचारायचे, "काय, आज कुणाचं मुंडकं गळालं?" सगळे हसायचे. हवालदारही हसायचे आणि बशीत ओतलेला चहा फुंकत बसायचे. मला मात्र हसू यायचं नाही. एकदा चुकलेल्या माणसाचं नंतर काहीच खरं धरायचं नाही, हा कुठला न्याय?

साहेब वाईट नव्हते. त्यांच्या कॉम्प्युटरवर तालुक्याचा नकाशा होता. जिथे तक्रारी जास्त तिथे लाल दिसायचं आणि गस्तीची गाडी तिकडे जायची. हवालदारांनी त्या नकाशाला कधी नावं ठेवली नाहीत. एवढंच म्हणायचे, "मशीन खोटं बोलत न्हाई. पर त्याला जे कुणी सांगितलंच न्हाई, ते त्यानं सांगायचं कुठनं?"

मग तो दिवस आला. सकाळी मी कामावर येताना फाट्यावर नवा फ्लेक्स लागलेला होता. मी उभी राहून बघितला, आता सवयच लागली होती. चौकीत आले तर हवालदार मोरीपाशी माझी वाट बघत होते.

"ताई, फ्लेक्स बघितला?"

"बघितला."

"कोण न्हाई?"

मी पिशवी खाली ठेवली. माझा धाकटा दीर त्या गटात फिरायचा. आदल्या वर्षी तो भाऊच्या खांद्यापाशी होता. त्या वर्षी कुठेच नव्हता. आठ दिवसांपूर्वी तो दुसऱ्या गटातल्या एकाच्या लग्नात पंगतीला बसला होता आणि कुणीतरी तो फोटो पसरवला होता.

"आमचे भावजी," मी म्हणाले.

हवालदार तसेच आत गेले. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू आलं.

"साहेब, संध्याकाळी फाट्यावर गाडी पाहिजे. केक कापायच्या टायमाला."

"गाडी बाजाराला लागणार. तिकडं लाल आहे. इथली एक तरी तक्रार आहे का तुमच्याकडं?"

"न्हाई साहेब. म्हणूनच म्हणतो."

"फ्लेक्स बघून गाडी लावू? परत जिलेबी खायला?"

हवालदार बाहेर आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ड्यूटी सुटली की तुमच्या घरी येतो. पिठलं टाका."

ते आले तेव्हा भावजी आरशासमोर केस करत होते. भाऊने स्वतः फोन करून बोलावलं होतं. "बघा वहिनी, उगाच घाबरत होता. राग असता तर बोलावलं असतं का?" हवालदार दारातच, उंबऱ्याला लागून बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"कुठं निघालास?"

"केक कापायला."

"चल, मी बी येतो. मला केक लई आवडतो."

भावजींचा चेहरा उतरला. खाकी घातलेला माणूस बरोबर घेऊन तिथे जाणं म्हणजे कायमचं तोंड काळं. "तुमी कशाला?"

"मग बस. तू गेलास तर मी येणार, तू बसलास तर मी बसणार. मला काय, घरी म्हस वाट बघती, दुसरं कोण न्हाई."

ते बसले ते बसलेच. पिठलं-भाकरी खाल्ली, मिरची मागून घेतली, म्हशीच्या तीन पिढ्यांची गोष्ट सांगितली. पुन्हा पुन्हा चहा मागितला. भावजींचा फोन सारखा वाजत होता. ते उचलायला गेले तसा हवालदारांनी फोन हातातून काढून घेतला आणि कानाला लावला.

"हां, बोला. मी चौकीतला हवालदार. आमी जेवतोय. तुमी कापा केक."

त्यानंतर फोन वाजला नाही.

भावजी उठले. "माझी इज्जत घालवली तुमी! सगळ्यांत घालवली!"

"व्हय, घालवली," हवालदार शांतपणे म्हणाले. "उद्या मला शिव्या दे. पायजे तेवढ्या दे. पर उद्या दे."

दुसऱ्या दिवशी भावजींनी खरंच शिव्या दिल्या. चौकीच्या दारात येऊन दिल्या. हवालदार बशी तोंडाला लावून ऐकत होते, आणि इतकं खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मग मी भावजींना माझ्या माहेरी वेल्ह्याला पाठवलं. तिथे ते भात लावायला शिकले. परत आल्यावर टेम्पो चालवायला लागले. आजही म्हणतात, "काय होणार होतं वहिनी? काहीसुद्धा होणार नव्हतं. त्या म्हाताऱ्यानं फुकट अब्रू घेतली."

इथेच माझं डोकं फिरतं. काय होणार होतं ते मी दाखवू कशी? घडलं असतं तर दाखवता आलं असतं.

साहेबांच्या बैठकीतही तेच झालं. त्याआधी दुसऱ्या एका चौकीच्या हद्दीत दोघांना गोळ्या लागल्या होत्या. मग चौघे पकडले, कट्टे धरले, टेबलावर पांढरं कापड अंथरून त्यावर कट्टे मांडले आणि मागे सगळे ओळीने उभे राहिले. तो फोटो पेपरात आला. सत्कार झाला. बैठकीत आमच्या हवालदारांना विचारलं, तुमची कारवाई काय? त्यांच्याकडे टेबलावर मांडायला काही नव्हतं.

"जे झालंच न्हाई ते कुठल्या रकान्यात लिहू, ताई?" त्या दिवशी त्यांनी चहा तसाच ठेवला.

त्यांची बदली झाली. गावातली पोरं निरोपाचा फ्लेक्स लावणार होती. त्यांनी हात जोडले. "नगा रे. तुमी कुणाला तरी वगळाल आणि मला जाता जाता परत मोजायला लागंल." मोटारसायकलवर एक पत्र्याची पेटी बांधली आणि गेले. फाट्यावर एकदा थांबले, सवयीने. त्या दिवशी तिथे फक्त एका क्लासची जाहिरात होती.

यंदा त्याच भाऊचा फ्लेक्स पुन्हा लागला. मी एसटीतून उतरले आणि बघितला. बाळीवाला नव्हता. हवालदारांचा नंबर लावला तर तो बंद. चौकीत गेले. आता मी तिथे कामाला नाही, साहेबही नवे. दारात किती वेळ उभी राहिले कुणास ठाऊक. शेवटी सांगितलं, फ्लेक्सवर बाळीवाला नाही, संध्याकाळी फाट्यावर गाडी लावा.

"मावशी, तक्रार कुणाची आहे?" नव्या साहेबांनी विचारलं.

"कुणाची नाही."

"मग काय लिहून घेऊ?"

बोलण्यात राग नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी बाहेर पडले. बाळीवाल्याचं घर गिरणीच्या मागे आहे. त्याची आई मला तोंडओळखीने ओळखते. तो दारात बूट घालत होता. मी सरळ उंबऱ्याला लागून बसले आणि पिशवी गुडघ्यावर घेतली.

"कुठं निघालास?" मी विचारलं.

"वाढदिवसाला. का?"

"मी पण येते. मला केक आवडतो."

तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या आईने आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. ती उठली. आत गेली आणि चहाचं आधण ठेवलं. त्याचा फोन वाजला, पुन्हा वाजला. तो ओरडला, "ही कोण बया आणून बसवलीय दारात?" मी हलले नाही. चहा आला. मी बशीत ओतला आणि फुंकत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीची वाट बघत फाट्यावर उभी होते. तो मित्राच्या गाडीवर मागे बसून समोरून आला. मला बघितल्यावर त्याने गाडी थांबवायला लावली आणि सगळ्यांसमोर मला शिव्या दिल्या. भोचक म्हणाला, म्हातारी म्हणाला, आणखीही काय काय म्हणाला. लोक बघत होते. मी पदर डोक्यावर सारखा केला आणि त्याच्या शिव्या शेवटपर्यंत ऐकल्या.