राजवाड्यात आबांच्या चपला

“बाबा, परत एकदा वाका. फ्लॅशच पडला नाही.”

आमचे साहेब हसत हसत म्हणाले. समोर माझा बाप. वाकलेला. उजवा हात फरशीला टेकलेला, डाव्या हातात स्वतःच्याच चपला. आणि पुढ्यात एक रिकामं सिंहासन. भोवती दोरी बांधलेली, गादीवर धूळ. त्या रिकाम्या गादीला माझ्या बापानं जोहार घातला होता.

हे कसं झालं ते सांगतो.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत हेल्पर, अजून पर्मनंट झालो नव्हतो. राहायला दिघ्याला. कंपनीची सहल निघाली, घरच्यांनाही आणा म्हणाले. देशावरच्या एका जुन्या संस्थानाचा राजवाडा, आता म्युझियम केलेला. नाव ऐकलं आणि आबा, म्हणजे माझे वडील, खाटेवरून उठलेच. आमचं गाव त्याच संस्थानातलं. माझा आजा दर दसऱ्याला त्या वाड्यावर वेठीनं लाकडं टाकायचा आणि लहानगे आबा त्याच्या मागं असायचे. दोघांना मागच्या दाराच्या आत कधी कुणी घेतलं नाही.

“मला त्यो वाडा आतनं बघायचाय,” आबा म्हणाले. “म्होरच्या दारानं जायचंय.”

आबा कडक माणूस. दिघ्याच्या खाणीत जन्मभर दगड फोडला, पण मुकादमापुढं मान खाली घातली नाही. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा गावकीची सगळी कामं सोडली आणि गावही सोडलं. आम्हा पोरांना सांगायचे, “ताठ चालायचं. आपुन कुनाचं मिंधं न्हाई.” सहलीसाठी त्यांनी नव्या चपला घेतल्या. बसमध्ये पाय पुढं काढून बसले होते, सगळ्यांना दिसाव्यात म्हणून.

मग वाड्याचा दरवाजा आला.

काय झालं कुणास ठाऊक. बाहेर वडाखाली आबांनी चपला काढल्या. हातात घेतल्या. बाकी सगळे बूट-सँडल घालून टकाटक आत. मी म्हटलं, “आबा, घाला की. इथं कोन काढत नाय.” त्यांना ऐकूच गेलं नाही. चेहरा पार उतरलेला. अंग चोरून, भिंतीच्या कडेकडेनं चालायला लागले.

दरबारात गाइड सांगत होता. इथं महाराज बसायचे, मानकरी मुजरा करायचे, खालची माणसं बाहेरूनच जोहार घालायची. साहेब माझ्याकडं वळले.

“अरे, तुझे वडील इथलेच ना? बाबा, दाखवा की कसा घालायचे जोहार. फोटो काढू, मजा!”

मला वाटलं, आबा आता साहेबाची चांगलीच उतरवणार.

आबा वाकले.

“जोहार, मायबाप, जोहार.”

तो आवाज आबांचा नव्हता. पातळ, घोगरा, कुठून तरी लांबून आल्यासारखा. हशा पिकला, टाळ्या पडल्या. साहेबांच्या मिसेस म्हणाल्या, “बघा, जुन्या माणसांचे संस्कार! अजून मान ठेवतात.”

संस्कार! आग लागो त्या संस्कारांना.

आणि वर म्हणे परत एकदा वाका.

आबा खरंच परत वाकायला लागले. तेव्हा माझं टाळकं सटकलं. मी मधे घुसलो. “नाही. आबा, उठा.” त्यांच्या हातातल्या चपला ओढून घेतल्या, खाली बसलो आणि भर दरबारात त्यांच्या पायात घातल्या. पाय थंडगार पडले होते.

पहारेकरी ओरडला, “ओ, आत चपला नाही चालणार!”

“मग आधी साहेबांचे बूट काढा.”

मी आबांचा हात धरला आणि म्होरच्या दारानं बाहेर आलो.

परतीच्या बसमध्ये आबा एकदाच बोलले. “माझ्या बापाचा आवाज निघाला रं माझ्या तोंडातनं.” पुढं जगले तोवर, खोलीचं दार कुणी वाजवलं की त्यांचा उजवा हात जमिनीकडं जायचा. मधेच थांबायचा. मग तो हात मांडीखाली दाबून बसायचे. मला ते बघवायचं नाही.

कामावर गेलो तर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

“सहलीचा पार विचका केलास. मिसेस फार दुखावल्यात. सॉरी म्हण, विषय संपव. पर्मनंट व्हायचंय ना?”

व्हायचं होतं. खोटं कशाला बोलू? सॉरी म्हणायला मी तोंड उघडलंसुद्धा. आणि घशात काहीतरी हललं. पातळ, घोगरं. मी ओळखलं त्याला. आज्याचा जोहार. आबांना खाऊन आता माझ्याकडं आला होता.

मी तोंड मिटलं. आवंढा गिळला. मग माझ्या स्वतःच्या आवाजात बोललो, “नाही म्हणणार. माफी तुम्ही मागायची. आबांची. दिघ्याला आमच्या खोलीवर येऊन.”

नोकरी गेली. साहेब काही आले नाहीत. नका येऊ.

आता पोरं विचारतात, आबा कसं म्हणाले होते, म्हणून दाखवा ना. मी त्यांना वाडा सांगतो, गादी सांगतो, चपला सांगतो. सगळं सांगतो. तेवढं म्हणून दाखवत नाही. माझ्या तोंडातून तो आवाज निघणार नाही. पोरांसाठीसुद्धा नाही.