एम्बर जहाजाचा कापलेला आधार

लिहा साहेब, आणि सारखं खिडकीबाहेर बघू नका. मी जोनस पिल्चर, एम्बर जहाजावरचा आचारी. एक पाय फ्रेंचांच्या तोफेने नेला, म्हणून आचारी झालो; नौदलात लंगड्याला दुसरं काय देतात? पण मला माझं रडगाणं गायचं नाही. मला आमच्या सुताराचं सांगायचंय, सिलास हॅनफर्डचं. तुमच्या नौदलाच्या दप्तरात लिहिलंय की त्याने कुजकं लाकूड चांगलं म्हणून जहाजात बसू दिलं. ते साफ खोटं आहे.

सिलास भारी चिक्कू माणूस. वाकडा खिळा ठोकून सरळ करायचा आणि पुन्हा वापरायचा. डेप्टफर्डच्या गोदीत त्याची वीस वर्षं गेलेली. ओकची फळी आली की बोटाने टकटक करून कान लावायचा. आम्ही चिडवायचो, सुतारदादा, आत कोण राहतं? तो म्हणायचा, कोणी नाही, म्हणून तर घेतोय. असा माणूस कुजकं लाकूड घेईल?

एम्बर मुळात उखळी तोफांचं जहाज. त्या तोफा उडाल्या की धक्का खाली बसतो, म्हणून पोटात ओकच्या जाडजूड तुळया आणि त्यांना जहाजाच्या कुशीशी धरून ठेवणारे वाकडे आधार घातलेले. तह झाला, तोफा उतरल्या. मग वरच्या लोकांच्या डोक्यात आलं की उत्तरेच्या बर्फातून वाट शोधायला हेच जहाज बरं. सिलासने बाहेरून आणखी एक फळ्यांचा थर चढवला आणि आम्ही निघालो.

सप्टेंबरात बर्फाने धरलं ते धरलंच. जानेवारी सरता सरता कोळसा संपला. काय जाळायचं ते सुतार ठरवेल, असं कप्तानाने सांगितलं. सिलासने दारं दिली, पेट्या दिल्या, जादा डोलकाठ्या दिल्या, शेवटी स्वतःच्या रंध्यांचे ठोकळेसुद्धा दिले. मग त्याने हात आखडला. दिवसातून एकदाच चूल, तीही बर्फ वितळेपर्यंत.

माझा धाकटा भाऊ आमोस त्याच जहाजावर खलाशी होता. त्याला स्कर्व्ही झाली: हिरड्या सुजून काळ्या पडल्या, दहा वर्षांपूर्वीची भरलेली जखम पुन्हा उघडली. चुलीजवळ निजवलं तरी पांघरुणावर बर्फ धरायचा. मी सिलासच्या पाया पडलो. म्हटलं, तोफा नाहीत, मग तोफांखालचे आधार कशाला? एक दे.

तो म्हणाला, "पिल्चर, ते तोफांसाठी होते, आता बर्फासाठी आहेत. एक काढलास तर आपण सगळे गेलो."

मला वाटलं, मेल्याला लाकडाची माया आहे, माणसाची नाही. दुसऱ्या दिवशी भरदुपारी, म्हणजे तिथल्या मिट्ट काळोखात, मी हाडं कापायची करवत घेतली आणि डुकराच्या मांसाच्या पिंपांमागचा एक आधार कापला. तुकडे माझ्या कोठीत लपवले, पिंपं पुन्हा लावली आणि थोडं थोडं जाळलं. आमोसला ऊब मिळाली. एकदा तर हसला, म्हणाला, दादा, तुझं सूप अजून तसंच घाणेरडं आहे. अकरा दिवस जगला, मग गेला.

मार्चमध्ये बर्फ सरकला. जहाज कण्हायला लागलं आणि बरोबर तिथेच फुटलं. सिलास कंदील घेऊन आधी उतरला, मागून मी. कमरेएवढ्या पाण्यात त्याने कापलेलं टोक चाचपलं. माझ्या करवतीचे दात त्याला ठाऊक होते, तोच तर धार लावून द्यायचा. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग कुऱ्हाड घेऊन करवतीची खूण जाईपर्यंत ते टोक तासून टाकलं. कप्तान आला तेव्हा सिलास म्हणाला, "कुजकं होतं साहेब. गोदीत मीच बसू दिलं. चूक माझी."

चार तास तो पाण्यात उभा राहून टेकू ठोकत होता. टेकू टिकला. संध्याकाळपर्यंत सिलास गेला. जुलैत बर्फाने सोडलं आणि आम्ही एकतीस जण त्याच्या टेकूवर घरी आलो. त्याने मला फासापासून वाचवलं, आणि मी दोन वर्षं तोंड शिवून बसलो. थू माझ्या जिनगानीवर.

परवा मासळीबाजारात त्याची बायको ड्रुसिला दिसली. एक कोळीण दुसरीला म्हणाली, बघ, कुजक्या लाकडाची आली. ड्रुसिलाने हातातली मासळी खाली ठेवली आणि निघून गेली. मला राहवलं नाही. मी मागोमाग तिच्या घरी गेलो आणि सगळं सांगून टाकलं. ती वाटाणे सोलत होती, सोलतच राहिली.

मग तिने विचारलं, "सिलासला पाण्यातून काढलं, तेव्हा चूल पेटली होती?"

मी म्हटलं, "नाही. जादा जाळायला काहीच उरलं नव्हतं."

तिने वाटाण्यांचं भांडं बाजूला ठेवलं, शाल घेतली आणि म्हणाली, चल.

बाहेर बाकावर बसलीय ती. मला वाचता येत नाही, तिला येतं. हा कागद आधी तिच्या हातात द्या. ती हो म्हणाली की मी खाली अंगठा उठवतो, मग शिपायांना बोलवा.