काचेबाहेरच्या चपला

निवृत्त होऊन औंढ्याला परतलेला माणूस एकतर एखाद्या कमिटीत शिरतो, नाहीतर बीपीच्या गोळ्या सुरू करतो. मी मेनफ्रेम, म्हणजे ते जुने कपाटाएवढाले संगणक बनवायला घेतले, बोटभर उंचीचे. शहरातल्या एका संग्रहालयाला आमच्या जुन्या ऑफिसातल्या संगणक-खोलीची छोटी प्रतिकृती हवी होती, आणि ती खोली आठवणारा, डोळे शाबूत असलेला मीच काय तो उरलो होतो.

कपाटं सनमायकाच्या तुकड्यांची, टेपची चाकं शर्टाच्या बटणांची. शेजारी रोज डोकावून विचारायचे, "काका, हे फ्रीज इकून राहिले का?" गिऱ्हाईक आलं की विकतो, असं मी सांगत असे. बायकोचं मतही फारसं वेगळं नव्हतं. लग्नापासून तिची समजूत अशी, की हा माणूस थंडगार खोलीत बसून कपाटं राखतो आणि त्याचा पगार घेतो. ती खोली तिला कधी दाखवता आली नाही, कारण बाहेरच्यांना आत सोडत नसत. खरं सांगायचं तर मी हा खटाटोप तिच्यासाठीच करत होतो. संग्रहालय आपलं निमित्त.

खोलीच्या काचेच्या दाराबाहेर मला चपलांची रांग हवी होती. त्या यंत्राला धूळ चालत नसे, म्हणून आम्ही सगळे अनवाणी आत जायचो. साहेबांचे चकचकीत बूट आणि आमच्या झिजलेल्या चपला शेजारी शेजारी. ऑफिसातली समता तेवढीच. नागनाथाच्या देवळात येणारे आमच्या ओट्यावर चपला सोडून जातात, त्यामुळे बायकोला हे लगेच पटलं. तिने जुन्या रेक्झिनच्या पिशवीतून नखाएवढ्या चपला कापून दिल्या.

"यातल्या तुमच्या कोणत्या?"

"अंगठा तुटलेल्या."

तिने चिमट्याने एका चपलेचा अंगठा उपटला आणि ती जोडी दाराला अगदी लागून चिकटवली. चिकटवताना हसत होती. माझ्या नोकरीत तिने पहिल्यांदाच एवढा रस घेतला होता, आणि मला फार बरं वाटलं.

प्रतिकृती न्यायला संग्रहालयाचे साहेब आले. "चपला कशाला? अस्वच्छ वाटतं. परदेशातल्या फोटोंत कुठे असतात?"

"तिकडच्या यंत्रांचा मान एवढा मोठा नसेल," मी म्हणालो.

"बघतो," ते म्हणाले. या शब्दाचा अर्थ मला तरी कळायला हवा होता. नोकरीभर मीही लोकांना तेच सांगत आलो.

उद्घाटनाला बायको ठेवणीतली साडी नेसून आली. भाषणांतून देशाची प्रगती झाली, शाली वाटून झाल्या. काचेच्या पेटीत आमची खोली दिव्यांखाली झळकत होती. दाराबाहेरची फरशी नवी रंगवलेली, कोरी करकरीत.

"बघा, आता कसं नीटनेटकं दिसतंय!" साहेब म्हणाले.

बायको चष्मा लावून, काचेला नाक टेकवून बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "अहो, तुमच्या चपला न्हाईत हितं. म्हंजे तुमी आत न्हाईतच."