कातळावरचा कापूस

आधीच सांगून टाकते. भूत, चकवा, झपाटणं... असलं काही मी कधीच मानलं नाही. इथे लोक लिहितात ते अनुभव मी चहा पिता पिता वाचायची आणि 'झोप झाली नसेल बिचाऱ्याची' म्हणून पुढे जायची. आता माझ्यावरच लिहायची वेळ आली आहे आणि मला त्याचा राग येतोय. खरं तर मला सगळ्याचाच राग येतोय, तेव्हा लिहिणं तिखट झालं तर सांभाळून घ्या. नाही घेतलं तरी चालेल.

मी पुण्यात नोकरी करते. सुट्टी मिळाली की सह्याद्रीत. कातळटप्पे, सुट्या मुरमाचा घसारा, सुळक्यांच्या वाटा, हे माझ्या अंगवळणी पडलेलं आहे. माहेर बुलढाणा जिल्ह्यात, सोनाळ्याच्या वरच्या अंगाला. आमच्या शेताच्या बांधावर उभं राहिलं की समोर सातपुडा, आणि त्यातलं सगळ्यात उंच टोक म्हणजे आमचा 'माथा'. वर शेंदूर लावलेला एक दगड आहे, माथ्यावरची माय. शेवटचा टप्पा उघडा कातळ, दोन मजली घराएवढा, आणि वर जायला तेवढी एकच वाट. पाय सुटला तर माणूस थेट खालच्या झाडीत.

आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेचणीला शेतात दहीभात ठेवून सीतादही करतात. आमच्या भावकीत त्यापुढे आणखी एक रीत आहे. त्या पहिल्या कापसाची वात माथ्यावर न्यायची. घरातली बाई पुढे चढते. ती कातळातली प्रत्येक खाच हाताने हलवून, दाबून बघते आणि पक्की वाटली तिथेच कापसाचा पुंजका थुंकी लावून चिकटवते. मागच्यांनी हात-पाय तिथेच ठेवायचे. उतरताना शेवटच्या माणसाने सगळे पुंजके वेचून आणायचे, एकही मागे ठेवायचा नाही. कारण पावसात दगड सुटतात, आणि पुढच्या वर्षी कुणी जुन्या खुणेवर भरवसा ठेवला तर मेलाच.

गेली कित्येक वर्षं हे काम सुनंदा वहिनी करायची. माझ्या मोठ्या भावाची बायको. डावखुरी होती. पुंजका चिकटवताना त्याला पीळ द्यायची, तो उलटा. देवघरातल्या वातीही तशाच. आई चिडवायची, "उलट्या हाताची सून आनली वं माय मी!" वहिनी हसायची आणि आणखी दोन वळायची.

कापसाचं बीटी बियाणं आलं तेव्हा फवारणी संपली म्हणून सांगितलं होतं सगळ्यांनी. सुरुवातीला बोंडअळी कमी झालीही. मग आली ती अशी आली की बोंड फोडलं की आत गुलाबी किडा. पुन्हा पंप पाठीवर. दादा फवारायचा आणि वहिनी औषध बादलीत कालवून त्याचा पंप भरून द्यायची. औषध! विषाला औषध म्हणतो आम्ही. यंदा पावसाळा सरता सरता एके दिवशी दोन औषधं एकत्र कालवली, तसं करायला दुकानदारानेच सांगितलं होतं. वहिनी बांधावरच कोसळली. दवाखान्यात नेली, ती परत आली नाही. नंतर चौकशीला एक साहेब आला. त्याने चपलाही काढल्या नाहीत, दारातूनच म्हणाला, "हातमोजे नव्हते, मास्क नव्हता. बाईंनी काळजी घेतली नाही."

दादा उठून आत गेला. मी बोलले, खूप बोलले. काय उपयोग?

दिवाळीनंतर मी घरी गेले. कापूस फुटून झाडांवर लोंबत होता आणि दादा वेचणी लावायला तयार नव्हता. सीतादहीचं नाव काढलं की ताटावरून उठायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी आई धावत आली. "दादा पहार घेऊन डोंगराकडं गेला वं! मायले उखडून फेकतो म्हने!"

मी बूट घातले आणि निघाले. दादा चाळिशी ओलांडलेला, डोक्यात संताप भरलेला, हातात पहार, आणि पुढे तो कातळ. देवीचं काय व्हायचं ते होऊ दे. मला दादाचा जीव हवा होता.

कातळाखाली पोचले तर तो वर चढून गेला होता. पहार खाली पडलेली. मीही चढले. आता नीट वाचा, कारण पुढे सगळे इथेच फाटे फोडतात. चढताना त्या कातळावर काहीही नव्हतं. प्रत्येक खाचेत माझी बोटं गेली आहेत. कापसाचा एक धागासुद्धा नव्हता.

वर दादा त्या दगडाशी झटत होता. दगड काही हलत नव्हता.

"काऊन आली वं माह्यामांगं?"

"तुला न्यायला. चल खाली."

"हिले फेकल्याशिवाय नाही येत मी! दरसाल वात आनून देल्ली सुनंदानं हिले. मंग हिनं काय पाह्यलं? का झोपली होती?"

"दादा, दगड आहे तो."

"मंग दगडाले शिव्या देतो! तुले काय करा लागते?"

आणि त्याने दिल्या. मीही दिल्या, लाजायचं कशाला. दुकानदाराला दिल्या, कंपनीला दिल्या, त्या चपलावाल्या साहेबाला दिल्या. दोघांचे घसे बसेपर्यंत आम्ही तिथे उभं राहून ओरडत होतो. दादा शेवटी मटकन खाली बसला आणि रडला. वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा.

उन्हं चढली तेव्हा उतरायला निघालो. दादा पुढे. मधल्या टप्प्यावर डावीकडे एक पुढे आलेला दगड आहे, सगळ्यांच्या सवयीचा. चढताना आम्ही दोघंही त्याच्यावर पाय देऊन गेलो होतो. दादाने पाय खाली सोडला आणि तसाच अधांतरी ठेवला.

"हे तू लावलं काय?"

मी वाकून बघितलं. त्याच्या हाताशी खाचेत कापसाचा पुंजका होता. त्याखाली आणखी एक. खालपर्यंत ओळ गेली होती... पण त्या सवयीच्या दगडावर काही नव्हतं. तिथून खुणा उजवीकडे वळल्या होत्या, एका अरुंद फटीकडे. तिथून आम्ही कधीच उतरलो नव्हतो.

"नाही," मी म्हटलं.

दादाने पुंजक्याला बोट लावलं. पीळ उलटा होता.

"सुनंदा," तो म्हणाला. एवढंच. आणि पाय उजवीकडे नेला.

तो खाली पोचून बाजूला झाल्यावर मी एका हाताने वरची पकड धरली आणि डावीकडच्या त्या दगडावर बूट दाबला. नुसता दाबला. दगड सुटला, कातळावर आपटत झाडीत गेला. खाली दादा डोकं धरून बसला होता.

मी शेवटची होते. रीत म्हणजे रीत. एकेक पुंजका वेचत उतरले. खाली येऊन मूठ उघडली तर त्या कापसाला वास होता. वहिनीच्या हातांना पावसाळाभर यायचा तोच, औषधाचा. साबणाने जायचा नाही.

पुण्यातले मित्र म्हणतात, तुम्ही वर असताना कुणीतरी चढलं असेल. कुठून चढलं? वाट एक, आणि तिच्या तोंडाशी आम्ही दोघं ओरडत उभे. ऊन लागलं असेल, म्हणतात. दोघांना एकच ऊन लागलं? आणि कापूस अजून माझ्याकडे स्टीलच्या डबीत आहे, त्यालाही ऊन लागलं होतं का? तुमच्याकडे उत्तर असेल तर सांगा, पण 'शॉकमध्ये असं होतं' एवढं कृपा करून सांगू नका.

दुसऱ्या दिवशी दादाने वेचणी लावली. सीतादही आईने केली. पुढच्या वर्षी कातळावर पुढे मी चढणार आहे.

पण राग गेलेला नाही. डबी उघडली की तो वास येतो आणि तो साहेब दारात उभा राहतो. जिने मेल्यावरही नवऱ्याच्या पायाखालची एकेक खाच दाबून बघितली, तिने म्हणे काळजी घेतली नाही.