अक्कानं दुरुस्त केलेली आठ सुरांची पेटी

मी लातूरला ज्युनिअर कॉलेजात वीज हा विषय शिकवतो, आणि आमच्या घरात फ्यूज बदलायला मला कुणीही बोलवत नाही.

आमचे दादा, म्हणजे वडील, तीस-बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. त्यांच्या निवृत्तीचा कार्यक्रम रविवारी सकाळी रेणापूरला ठरला होता. त्यांच्याच गाडीवरचे जुने ड्रायव्हर गफूरमामू प्रमुख पाहुणे! मी जाहीर करून टाकलं, "दादांच्या घंटीचं आणि तिकिटाच्या पंचचं संगीत वाजवणार!" (इथं गप्प बसलो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं.)

कॉलेजात असताना मी एक सीक्वेन्सर बनवला होता. म्हणजे मिठाईच्या डब्यावर ओळीनं आठ फिरवायची बटणं, आणि त्यांच्यावरून धावणारा दिवा. दिवा ज्या बटणावर, त्या बटणाचा सूर वाजणार. हल्ली माझ्याकडं मॉड्युलर सिंथेसायझर, म्हणजे सुट्या भागांचं विजेवरचं वाद्य आहे. लाकडी चौकटीत एकाच उंचीच्या पट्ट्या शेजारी शेजारी बसवायच्या आणि वायरींनी एकमेकींशी बोलत्या करायच्या. आता त्या चौकटीत ह्या डब्याला जागा करायची होती.

चौकटीची उंची तेरा सेंटिमीटर, डब्याची सतरा! मी डबा फोडला. आतली सर्किटची पाटी करवतीनं कापली. दोन तांब्याच्या रेघा तुटल्या, त्या जोडताना आणखी तीन तुटल्या! मग पुढच्या पट्टीसाठी ॲल्युमिनियमचा पत्रा पाहिजे होता. तो स्वयंपाकघरात मिळाला.

"अहो, कणकेची परात दिसेना!" प्रज्ञा, म्हणजे माझी बायको, आतून ओरडली.

"आहे ना!"

"कुठं?"

"चौकटीत!"

परातीचं जे उरलं होतं, ते तिनं दोन बोटांत धरून माझ्यासमोर आणून ठेवलं. त्या दिवशी आम्ही भात खाल्ला.

शनिवारी दुपारी शेवटचं काम राहिलं. मागून विजेची चपटी वायर लावायची. तिची एक कड लाल असते, ती कुठल्या बाजूला ठेवायची हे मी वर्गात फळ्यावर काढून दाखवलेलं आहे. मी वायर लावली. बटण दाबलं.

"अहो, अगरबत्ती लावली का?" प्रज्ञानं विचारलं.

मी उलटी लावली होती!

कार्यक्रम दुसऱ्या दिवशी सकाळी. सगळं सामान मांडीवर घेऊन मी रेणापूरची गाडी पकडली. तिथं माझी थोरली बहीण, मायाअक्का, विहिरीवरच्या मोटारी भरते. भरते म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळते. पंचक्रोशीतले शेतकरी तिच्या दुकानापुढं मोटार उतरवतात आणि तिचा चेहरा बघत उभे राहतात, डॉक्टरचा बघावा तसा.

अक्कानं माझी पट्टी नाकाशी धरली आणि वास घेतला.

"कायला जाळलास रे सिध्या?"

मी समजावून सांगायला लागलो. व्होल्टेज, पल्स, काउंटर... पाचेक मिनिटं झाली असतील.

"म्हंजी वॉशिंग मशिनचा टायमर हाय की," अक्का म्हणाली. "गोल फिरतो, एकेकाला टोचत जातो. एवढंच ना?"

एवढंच होतं!

"लई काय जळलं न्हाई. ही एकच आयसी गेली."

"अक्का, ही चिप आता पुण्याहून मागवावी लागेल!"

अक्का उठली. कोपऱ्यात जयंतीच्या मिरवणुकीतल्या लाइटिंगचा एक निकामी डबा पडला होता. एकामागं एक दिवे पळवणारा. तिनं तो उघडला आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं आतली आयसी अलगद उचलली. नंबर तोच! दिवे पळवायचे ते तिकडंही आणि इकडंही, हे मला एवढ्या वर्षांत सुचलं नव्हतं. तिला वासावरून सुचलं!

आयसी बसली. दिवा पेटला आणि धावला. उजवीकडून डावीकडं! मी बटणांच्या वायरी मागून बघत जोडल्या होत्या.

"तुझी लाइट उर्दूत पळायली," अक्का म्हणाली. "ऱ्हाऊ दे. गफूरमामूला बरं वाटंल."

मग तिनं चपट्या वायरीच्या टोकाचं एक भोक बुजवलं आणि पट्टीवरची त्याच्या समोरची पिन तोडली. "आता तुला उलटं लावताच येत न्हाई बघ." मी त्या बुजवलेल्या भोकाकडं बघत राहिलो. इतक्या प्रेमानं माझ्या अकलेचा अंदाज आजवर कुणी घेतला नव्हता!

रविवारी हॉल भरला. मी भाषण थोडक्यात आटपलं (अक्कानं मागून शर्ट ओढला) आणि बटण दाबलं. टिक-टिक-टिक-टिक-टिक-टिक, टिंग! टिक-टिक-टिक-टिक-टिक-टिक, टिंग!

लोक खूश. पण गफूरमामू खुर्चीत अस्वस्थ.

"कंडक्टरसाब, इत्ते बार कायकू रुकारें? गाडी कब पोंचेंगी?"

हॉल हसला, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एक घंटी म्हणजे थांबा! निघायला दोन लागतात. शेवटचं बटण मी शून्यावर, म्हणजे मुकं ठेवलं होतं.

दादा उठले. ह्या यंत्राला त्यांनी आयुष्यात हात लावला नव्हता. पळणाऱ्या दिव्याकडं एकदा पाहिलं, कान दिला, आणि आठवं बटण बरोबर हेरून फिरवलं. टिंग-टिंग!

"जाने दो!" मामू ओरडले. दादा नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चला, पुढं सरका." आणि पहिल्या रांगेतली माणसं खरोखरच उठून सरकली! दादांचे डोळे भरून आले होते. आमचेही.

नंतर कुणीतरी विचारलं, "हे यंत्र केलं कुणी?"

"पोरीनं," दादा म्हणाले आणि स्वतःची सत्काराची शाल अक्काच्या खांद्यावर टाकली.

"अन् सिद्धार्थनं?"

"ह्यानं ते लातूरहून आणलं. एकदाबी आदळू दिलं न्हाई."

मी छाती पुढं काढली. दादा जवळ आले आणि हळूच म्हणाले, "लगेजचं तिकीट काढलं होतंस?"

"दादा, मांडीवर होतं..."

"मांडीवर लेकरू फुकट असतं. यंत्र न्हाई."

टाळ्या दादांना मिळाल्या, शाल अक्काला, आणि मी विनातिकीट प्रवासी ठरलो!